फुलवेड्यांचा व्हॉट्सॲप गट: एका कारवीपासून दुसऱ्या कारवीपर्यंत

मी ठाण्याला, उपवन तलावापासून चालत दहा मिनिटांवर राहते. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण रानफुलांचा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार येऊरच्या वाटांवर जातात. फुलं बघणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. २०१६ च्या पावसाळ्यात तो सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून मी त्यात आहे. वाटेत नवीन मंडळी भेटली की विचारतात, असा गट कामाचा असतो का, त्यातून खरंच शिकायला मिळतं का. त्यांच्यासाठी हा अभिप्राय. वापर भरपूर झालाय, २०१६ च्या कारवीपासून २०२४ च्या कारवीपर्यंत.

कारवी ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारं हे झुडूप, माणूस आत शिरला तर दिसेनासा होईल इतकं उंच. सात वर्षं नुसती पानं. आठव्या वर्षी श्रावण-भाद्रपदात कळ्या धरतात आणि बघता बघता अख्खा उतार जांभळा-निळा होतो. बी धरलं की झाड वाळून जातं आणि बोंडं तडकून पडलेल्या बियांतून पुढची पिढी उगवते. पाड्यांवर कुडाच्या भिंतींना याच काठ्या लावतात, वरून शेणमातीचं लिंपण. शास्त्रज्ञांनी एकेकाळी तिला 'कार्विया' असं नाव दिलं होतं, तेही आपल्या मराठी कारवीवरूनच. आता ती स्ट्रोबिलँथस कॅलोसा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आमच्या येऊरलाही, ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली आणि २०२४ ला फुलली. सगळ्या डोंगरांचं साल एकच नसतं. म्हणून कुठला उतार कधी फुलला याची नोंद आम्हाला जिवापाड.

तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काकू, मागच्या दोन वेळांना येऊरला पहिलं फूल कधी दिसलं होतं?"

साधा प्रश्न होता. रात्री जेवणं उरकून शोधायला बसले. २००८ चं उत्तर दोन मिनिटांत सापडलं. तेव्हा मी गूगलवरच्या 'इंडियन ट्रीपिक्स' या समूहावर लिहायचे. २००७ मध्ये सुरू झालेला हा समूह पुढे 'ई-फ्लोरा ऑफ इंडिया' झाला आणि अजून चालू आहे. तिथे माझा संदेश जसाच्या तसा होता: येऊर, ७ सप्टेंबर २००८, सकाळची वेळ, ओढ्याच्या वरच्या अंगाला तीन झुडपांवर फुलं, बाकीच्यांवर कळ्या. खाली चार जणांची उत्तरं. एकाने आपल्याकडच्या डोंगराची तारीख लिहिलेली, एकीने कळ्यांवरच्या चिकट स्रावाबद्दल आणि त्याच्या उग्र वासाबद्दल विचारलेलं. सोळा वर्षांपूर्वीचं माझं मोडकंतोडकं इंग्रजी वाचताना तो ओढा डोळ्यांसमोर आला.

मग २०१६ शोधायला घेतलं. त्या वर्षी आम्ही पंधरा-वीस जण आळीपाळीने डोंगरावर जात होतो. कुठल्या उताराला कळ्या आल्या, कुठला फुलला, मधमाश्या कुठे जास्त आहेत, सगळं रोजच्या रोज गटात पडत होतं. इतकी बारीक नोंद २००८ ला कोणीच ठेवली नव्हती. त्यातलं आज माझ्याकडे काही नाही. मधल्या काळात मी दोन फोन बदलले आणि पहिल्या वेळी बॅकअप घ्यायचा राहिला. ज्या काकांनी गट सुरू केला ते आता हयात नाहीत. एकीने फोन भरला म्हणून चॅट साफ केलेलं. बऱ्याच जणांना विचारल्यावर एकाच्या जुन्या मेमरी कार्डावर अकरा फोटो निघाले. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपने आलेल्या फोटोच्या नावातच तारीख असते, म्हणून दिवस कळला: सगळे २५ सप्टेंबर २०१६ चे. तोवर उतार पूर्ण बहरात होता. पहिलं फूल त्याच्या आधी केव्हा उमललं, ते कोणालाच सांगता येईना.

आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झाडाची वीस माणसांनी मिळून केलेली नोंद, ती पुढच्या फुलोऱ्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

पण एवढ्यावरून गटाला नावं ठेवणं बरोबर होणार नाही, म्हणून आम्ही तिकडून इकडे का आलो ते सांगते.

त्या जुन्या समूहावर एक फूल विचारायचं म्हणजे अर्धी संध्याकाळ जायची. कॅमेऱ्यातलं कार्ड काढा, संगणकाला लावा, फोटो लहान करा, मग मजकूर. विषयाच्या ओळीत जागा, तारीख, आपली आद्याक्षरं आणि फोटोचा क्रमांक. पुढे तर ठरलेला तक्ताच आला: किती उंचीवर, जंगलात की बांधावर, झुडूप की वेल, पान केवढं, फुलोरा कसा, फळ दिसलं का. हा तक्ता भरताना हमखास लक्षात यायचं की पानाची मागची बाजू आपण बघितलीच नाही. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच झाडापाशी जायचं. मी फुलं बघायला शिकले ती या तक्त्यामुळे. उत्तर कधी त्याच रात्री यायचं, कधी चार दिवसांनी. एकदा गेंद नावाच्या बारक्या पांढऱ्या रानफुलाच्या फोटोवर एका तज्ज्ञांनी लिहिलं की याच्या जाती बी बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत, फोटोवरून आग्रह धरू नका. 'माहीत नाही' हेही एक पूर्ण उत्तर असतं, हे मला तिथे कळलं. मराठीत अशी जागा म्हणजे 'मायबोली' हे संकेतस्थळ. तिथल्या 'निसर्गाच्या गप्पा' या चर्चेच्या धाग्याचे भागांमागून भाग निघाले आणि कितीतरी घरांतल्या कुंड्या त्या गप्पांवर वाढल्या.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. येऊरला तेव्हा कारवी फुललेली आणि लोकांच्या हातात अचानक भरपूर डेटा. डोंगरावर उभं राहून फोटो पाठवायचा आणि खाली उतरेपर्यंत नाव हातात. कार्ड काढून संगणकाला कोण लावणार? तेव्हा गटात २५६ माणसं मावायची, आता १०२४ मावतात. आमचा गट दिवाळीपर्यंतच दीडशेवर गेला आणि माझं जुन्या समूहावरचं लिहिणं थांबलं. मी ठरवून थांबवलं नाही. एका पावसाळ्यात दोनदा लिहिलं, पुढच्या पावसाळ्यात एकदाही नाही.

गटाचं पहिलं बलस्थान वेग आहे, पण लोकांना वाटतो त्या अर्थाने नाही. नाव लवकर कळलं काय, उशिरा कळलं काय, फुलाला फरक पडत नाही. खरा फायदा असा की सांगणारा माणूस उत्तर देतो तेव्हा तुम्ही अजून फुलासमोर असता. आमच्या गटात वनस्पतीशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. एकदा आमच्यातली एक जण कास पठारावरून कवळ्याचा फोटो टाकून थांबली होती. पिवळं फूल, आत लाल ठिपके, पर्यटक ज्याला मिकी माऊस म्हणतात ते. बाई घरी भाजी निवडत होत्या. त्यांनी लगेच लिहिलं, "फुलाचा फोटो पुरे. आता पुष्पकोश जवळून दाखव. शिरा समांतर आहेत की जाळीदार? त्यावर राठ केस आहेत का?" ती गवताला धक्का न लावता वाटेवरच बसली, फोन उलटा धरून पुष्पकोशाचा, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या आवरणाचा, फोटो काढला, पाठवला. बाईंनी शिरांवर लाल रेघ ओढून परत पाठवला. दहा मिनिटांत त्या मुलीला कवळ्याची जात ओळखायची किल्ली मिळाली आणि आमच्यापैकी जे फोन बघत होते त्या सगळ्यांनाही. समूहावर हाच संवाद व्हायला आठवडा गेला असता, आणि तोवर ती साताऱ्याहून परत ठाण्याला आली असती.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. जुन्या समूहावर सगळं इंग्रजीत चालायचं. मी बँकेत नोकरी करून इंग्रजीला सरावले होते, तरी लिहिताना अवघडायचे. ज्यांना रान खरोखर माहीत आहे ती माणसं तिथे आलीच नाहीत. आता आमच्या गटात येऊरच्या पाड्यावरच्या एक मावशी आहेत, पावसाळ्यात ठाण्यात रानभाज्या विकायला बसतात. त्यांना लिहिता येत नाही, पण बोलून संदेश पाठवता येतो. एका जूनमध्ये कोणीतरी जमिनीतून वर आलेल्या जांभळट कोंबाचा फोटो टाकला. आम्ही शास्त्रीय नाव शोधतोय तोवर मावशींचा आवाज आला: "ताई, ही शेवळं. पयल्या पावसाला येतात. यात काकडं टाकायची बरोबर, नायतर घसा धरतो." काकडं म्हणजे काकड झाडाची आंबट फळं. मागे कोंबडा आरवत होता. चाळीस सेकंदांत झाडाचं नाव, ऋतू, खायची रीत आणि त्यातला धोका, सगळं आलं. तो संदेश मी फोनमध्ये वेगळा काढून ठेवलाय. असं ज्ञान गटात येतं, त्यासाठीच मी गट सोडत नाही.

खाण्यावरून आठवलं. वेगाची भीतीसुद्धा मला तिथेच पहिल्यांदा वाटली. शहापूरकडच्या एका सदस्याने बांधावर निघालेल्या कंदाचा फोटो टाकला आणि विचारलं, खाण्यातला आहे का? मिनिटभरात तीन अंगठे वर. अंगठा वर म्हणजे 'फोटो छान' की 'हो, खा', हे कोणाला कळणार? बाईंनी कंदाचा वाकडा, नांगरासारखा आकार बघितला आणि लिहीत न बसता थेट त्याला फोन लावला. ती कळलावी होती. गणपतीत दारोदार दिसणारं ते ज्वाळेसारखं फूल, त्याचाच कंद, आणि जहाल विषारी. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते या नांगराच्या आकारावरूनच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: 'खाता येतं का' या प्रश्नाला कोणीही चिन्हाने उत्तर द्यायचं नाही.

फोटोबद्दल नवख्यांना एक सूचना. नेहमीसारखा फोटो पाठवला की ॲप तो लहान करून पाठवतं. घरच्या फोटोंना चालतं, पण पुष्पकोशावरचे केस त्यात पुसले जातात आणि ओळख अडते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा एचडीचा पर्याय निवडा, तो २०२३ पासून आहे. सुप्रभात, फॉरवर्ड, वाढदिवस यावर मी लिहीत नाही. खमका ॲडमिन असला की तो प्रश्न सुटतो, आमचा सुटलाय.

न सुटलेला प्रश्न बाईंचा आहे. एका पावसाळ्यात तेरडा किती वेळा विचारला गेला ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि तीसनंतर सोडून दिला. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी खरी उत्सुकता, त्यामुळे रागवायचं कोणावर? धाग्याच्या काळात अशा वेळी जुन्या उत्तराचा दुवा द्यायचा, काम झालं. गटात उत्तर वर सरकत जातं आणि दुसऱ्या दिवशी पन्नास संदेशांखाली गाडलं जातं. शोधायची सोय आहे, पण ती शब्दावर चालते. फोटोखाली बाईंनी नुसतं "हो, तीच" लिहिलं असेल तर ते कोणत्या शब्दाने शोधाल? बाई एक अख्खा ऑगस्ट गप्प होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "मी वर्गात चाळीस वर्षं तेच शिकवलं, पण तिथे मुलं वह्यांत उतरवून घेत होती गं." त्या रुसल्या नव्हत्या. थकल्या होत्या. आणि जाणकार माणूस थकला की असा गट वरून भरलेला दिसतो, पण आतून रिकामा व्हायला लागतो. भांडणं, सुप्रभात, फॉरवर्ड यांनी गटाचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट याने होतं.

आणखी एक धक्का आम्ही खाल्लाय. एकाने हौसेने कंदीलपुष्पाच्या, म्हणजे कंदिलाच्या आकाराच्या दुर्मिळ रानफुलाच्या, झुबक्याचं लोकेशन टाकलं. गटात सव्वादोनशे माणसं, त्यातून ते पुढे कुठे गेलं कोण जाणे. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर गवत तुडवलेलं आणि दोन ठिकाणी ताजे खड्डे. कंदीलपुष्पाचा कंद गेला की सगळं गेलं. आता ऑर्किडं आणि कंदीलपुष्पं यांचं लोकेशन गटात टाकायचं नाही, फोटोही परत घरी येऊनच टाकायचा.

माझा भाचा पाण्यातल्या झाडांचा, म्हणजे मत्स्यालयाच्या झाडांचा शौकीन आहे. त्यांची मंडळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असतात. तिथे विषयवार दालनं असतात आणि २०२२ पासून धाग्यांसारखी मांडणीही करता येते. त्याने मला दाखवलं, आवडलं. टेलिग्रामवरही मोठ्या गटांना विषयांचे कप्पे करता येतात. पण मावशी तिथे येणार नाहीत. त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आहे, त्यांच्या मुलाने लावून दिलंय. माणसं जिथे आहेत तिथेच गट करावा लागतो, हे मी मान्य केलंय.

आणि जुन्या जागा टिकल्याच असं तरी कुठे आहे? ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० ला. तिथल्या कितीतरी छंदवेड्यांचं लिखाण गेलं. माझी २००८ ची तारीख सापडली याचं श्रेय नुसत्या धाग्यांच्या रचनेला देऊन चालणार नाही. ई-फ्लोराच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून त्या जुन्या संदेशांतून एकेका वनस्पतीची पानं तयार केली आहेत. कोणीतरी बसून उतरवून घेतलं की टिकतं.

म्हणून आम्हीही आता बसतो. दर रविवारी रात्री साडेनऊला मी आणि एमएस्सी करणारी एक मुलगी फोनवर बोलत बोलत आठवडाभराचा गट वर सरकवत जातो. तारीख, डोंगर, नाव, कोणी ओळखलं आणि कशावरून ओळखलं, असे पाच रकाने. 'कशावरून' हा रकाना बाईंच्या आग्रहाने आला आणि तोच सगळ्यात मोलाचा आहे. फोटो काढणाऱ्याला विचारून मूळ फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो. तिथे ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं तरच नोंद पक्की धरतात आणि धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, त्यामुळे कंदीलपुष्पाची काळजी राहत नाही. तासभर लागतो, कधी दीड तास. तेरडा आता कोणी विचारला की त्या तक्त्यातली ओळ पाठवतो. बाई पुन्हा बोलायला लागल्या आहेत.

आता गुण. शिकण्यासाठी, सोबतीसाठी आणि मावशींसारखी माणसं भेटण्यासाठी असा गट मला पाचपैकी पाच वाटतो. नोंद ठेवण्यासाठी एक. नवीन गट करत असाल तर पहिल्याच दिवशी दोन माणसं उतरवून घेण्यासाठी नेमा, फुलं ओळखणारा तज्ज्ञ नंतर शोधलात तरी चालेल. अशी दोन माणसं मिळत नसतील तर गट जरूर करा, पण त्यात टाकलेलं पुढच्या पावसाळ्यात सापडेल असं धरून चालू नका.

२०२४ ची कारवी आमच्या तक्त्यात आहे. येऊरला मी पाहिलेलं पहिलं फूल २५ ऑगस्टचं, त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. २००८ ची तारीख शेजारच्या ओळीत लिहिली आहे. मधली ओळ मोकळी ठेवली आहे.

तुम्ही २०१६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊरला किंवा बोरिवलीच्या बाजूने उद्यानात गेला असाल, तर कृपा करून जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डात, लॅपटॉपच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये एकदा बघा. फोटोच्या नावात 'आयएमजी', त्यापुढे २०१६०८ किंवा २०१६०९, मग दिवसाचे दोन आकडे आणि 'डब्ल्यूए' असं असेल. फोटो धूसर असला, निम्म्या चौकटीत कोणाचा हात आला असला तरी चालेल. कारवीवर एक जरी फूल उमललेलं दिसत असेल तर मला तो हवा आहे.